पहिल्या पायरीवरचा बाण

प्रल्हाद,

डॉक्टरांनी ईसीजीच्या लांबट कागदावर बोट ठेवलं आणि नेमका तुझाच शब्द उच्चारला. "एसटी एलेव्हेशन दिसतंय. इथं वेळ घालवू नका, नांदेडला हलवा." सकाळचे अकरा वाजले असतील. तू खाटेवर घामानं निथळत पडला होतास, एक हात छातीवर, आणि तरी मान वळवून मला विचारलंस, "किती आलं रे, दिगू?" जसा काही मी मोजणीच्या पट्टीवरचा आकडा वाचून तुला सांगणार होतो. सुमन वहिनी घाबरून माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना वाटलं, तू भ्रमात बोलतोयस. मला मात्र हसू आलं, आणि मला हसताना पाहून तूही ओठ हलवलेस. आपण दोघं मिळून हसलो ते तेवढंच शेवटचं.

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. या पंधरा दिवसांत मी कागदावर एक रेघ धड मारलेली नाही. चहाचा कप टेबलावर ठेवला की चहा एका कडेला जास्त आहे का, तेच बघत बसतो. कुठल्या भिंतीला ओल दिसली की तिच्याजवळ जाऊन उभा राहतो आणि ती माझ्या पायाला कुठवर येते ते पाहतो. बायको म्हणते, देवाचं काही करा. देवाचंच तर केलं होतं, त्यातूनच हे सगळं झालं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

तुला सांगायचं एक राहून गेलं आहे. ते तुला ठाऊक होतं, हे मला आता कळलंय. तरी सांगतो. सांगायचं काम माझं होतं.

आपली ओळख शाळेतली, पण दोस्ती झाली ती स्टेशनावर. तू गोरेगावकडच्या बंजारा तांड्यावरून आलेला, वसतिगृहात राहणारा. मी हिंगोलीतलाच, स्टेशनामागच्या गल्लीतला. शाळा सुटली की आपण छोटी गाडी बघायला जायचो. फलाटाच्या टोकाला पिवळा बोर्ड, त्यावर गावाचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. तो बोर्ड मी जन्मापासून बघत आलो होतो आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. तू त्याच्यासमोर उभा राहिलास तो हलेचनास.

"दिगू, तू समुद्र पाह्यला का?"

"न्हाई."

"तुझ्या बापानं?"

"न्हाई पाह्यला."

"मंग इथं बसून समुद्र कोन मोजून राहिला?"

मला वाटलं, पोरगं जरा खुळं आहे. पण तू त्या एका प्रश्नामागं लागून पॉलिटेक्निक केलंस आणि पाटबंधारे खात्यात सर्व्हेला लागलास. पहिल्या सुट्टीत येऊन मला उत्तर सांगितलंस. समुद्राच्या काठावरून माणसं निघाली, एका पक्क्या दगडावर खूण कोरली, तिथून मोजत पुढच्या दगडावर गेली, तिथं कोरली. अशी उंची खुणेखुणेनं चालत हिंगोलीपर्यंत आली. "आमच्या लोकांचे बैल जसे मुक्काम करत जायचे, बराबर तसंच," तू म्हणालास. मी मान डोलावली. ती खूण दिसते कशी, हे मी विचारलं नाही. मला घरांच्या तोंडात रस होता, दगडांत नव्हता.

मी आयटीआय करून घरांचे नकाशे काढायला लागलो होतो. आमच्या धंद्यात एलेव्हेशन म्हणजे घराचा दर्शनी भाग. गिऱ्हाईक खोल्या किती ते नंतर बोलतं, आधी म्हणतं, "एलेव्हेशन जबरदस्त पाहिजे." तुझ्या धंद्यात तोच शब्द जमिनीच्या उंचीला. यावरून तू मला किती छळलंस. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना मुद्दाम विचारायचास, "काय दिगंबरराव, आज कोनाचं तोंड रंगवून राहिले?" मग गिऱ्हाईक गेलं की सुरू. "तुझं एलेव्हेशन म्हंजे घराचं तोंड. माझं म्हंजे घराचे पाय. तोंड समदेच पाह्यतात. पायाकडं पानी आल्यावर पाह्यतात."

मीही काही कमी नव्हतो. मी म्हणायचो, तुझ्या उंचीचं कुणी लग्नात कौतुक करत नाही, माझ्या दर्शनी भागासमोर मात्र नवरा-नवरी फोटो काढतात. आठवतं, केबलवाला आला होता? गच्चीवर छत्री बसवायची होती. त्यानं विचारलं, "एलेव्हेशन किती ठेवू?" मी सांगितलं, कठड्याच्या खाली राहू दे, दर्शनी भाग बिघडतो. तू सांगितलंस, गच्ची समुद्रापासून अमुक इतकी. तो बिचारा दोघांच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला पाहिजे होता कोन, आभाळाकडं छत्री किती वर उचलायची तो. शेवटी तूच त्याला शाळेतल्या उन्नत कोनाची आठवण करून दिलीस आणि तुझ्या यंत्रानं छत्री लावून दिलीस. त्या संध्याकाळी दुकानासमोरच्या कडुलिंबाकडं बोट दाखवून तू मला धडा दिलास. लिंबाच्या बुडाशी जमीन आहे तिचं एलेव्हेशन. बुडापासून शेंड्यापर्यंत ती लिंबाची उंची. आणि वर घार फिरतेय ना, तिचं एलेव्हेशन नाही, तिचं अल्टिट्यूड, कारण तिच्या पायाखाली काही नाही. "ज्याच्या पायाखाली काही न्हाई, त्याचं काही सांगू नये," असंही म्हणालास आणि माझ्याकडं बघून हसलास. आता ते हसू मला जागेपणी दिसतं.

तर देऊळ. तुमच्या तांड्यापासून कोसभरावर जे गाव आहे, तिथल्या मारुतीच्या देवळाचा पुढचा भाग नव्यानं बांधायचा ठरला आणि म्हातारी मंडळी माझ्याकडं आली. मी तेव्हा नवा होतो. देऊळ करायला मिळतंय म्हटल्यावर हुरळून गेलो. जुन्या तीन पायऱ्या होत्या, झिजलेल्या. सगळ्यात वरची, उंबऱ्याला लागून, ती एकच काळ्या दगडाची. तिच्या समोरच्या अंगावर एक बाण कोरलेला, आणि बाणाच्या टोकावर आडवी रेघ. मी त्याला कुण्या जुन्या गवंड्याची सही समजलो. वरच्या पायरीला मला घोटीव फरशी पाहिजे होती, म्हणून म्हणालो, हा दगड काढून टाका.

म्हाताऱ्यांतला एकजण म्हणाला, "देवळाची पायरी टाकता येत न्हाई. आमच्या आज्यापंज्याचे पाय लागले तिला."

मी जरा विचार केला आणि म्हणालो, टाकायची नसेल तर पहिली करू. सगळ्यात खाली बसवू. माणूस देवळात शिरताना पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावतो, तर तो हात जुन्याच दगडाला लागेल. माना डोलल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, काय सुचलं मला. खरं सांगू का, त्या कल्पनेवर मी कितीतरी दिवस खूश होतो. दर्शनी भागाचा नकाशा मी शाईनं काढला, पहिल्या पायरीवर तो बाण अगदी हुबेहूब काढला, शेजारी लिहिलं, 'जुनी पायरी, खाली घेतली'. कोपऱ्यात माझं नाव. गावानं तो फ्रेम करून देवळात भिंतीवर टांगला. वर्षभरात बायका त्या बाणाला हळदीकुंकू लावायला लागल्या.

दोन वर्षांनी साठवण तलाव मंजूर झाला. तुमचा जुना तांडा पाण्यात जाणार होता, चढावर नवी जागा द्यायची होती, आणि जागेच्या उंच्या घ्यायचं काम तुझ्याकडं आलं. तलावाचं पाणी कुठवर चढेल, ती रेघ धरणावरच्या खुणेवरून दुसऱ्यांनी काढली होती. तांडा तुझ्या वाट्याला. खात्याच्या वहीत जवळची खूण म्हणून लिहिलं होतं, 'मारुती देऊळ, पायरी, बाण'. कितवी पायरी ते कुणी लिहिलं नव्हतं. लिहायचं कारणही नव्हतं, बाण एकच होता. तू गेलास, कुंकू पुसलंस, दगडाला नमस्कार केलास, पट्टी लावलीस आणि मोजत तांड्यापर्यंत आलास. दगड दोन पायऱ्या खाली उतरलेला होता. तू त्याला जुन्याच उंचीचा धरलास. म्हणून तुमची सगळी जागा तुझ्या कागदावर दोन पायऱ्या उंच झाली.

दुसरी खूण लांब, पार रेल्वेच्या पुलावर होती. तिच्यावरून पडताळा घ्यायला हवा होता, असं तू पुढं स्वतःला किती वेळा म्हणालास. पावसाच्या आत काम संपवायचा हुकूम होता. आणि देवळाच्या पायरीवर कोण संशय घेतो?

तू तांड्याला शब्द दिलास. सगळ्यांना नायकाच्या अंगणात बसवून सांगितलंस, कितीही पाऊस झाला तरी पाणी खालच्या ओळीच्या जोत्याला हात लावून माघारी जाईल, घरात येणार नाही. तांड्यातला पहिला शिकलेला पोरगा तू. खालच्या ओळीत राहायला कुणी तयार नव्हतं, तर तुझे बा उठले आणि म्हणाले, "माझ्या पोरानं मोजलं. खालचं घर मी घेतो." हे तू मला दुकानात येऊन दोन-दोनदा सांगितलंस. मी तुला चहा पाजला. तुझ्या त्या आनंदात देवळाचा आणि माझा काही संबंध आहे, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. इथपर्यंत मी निर्दोष आहे, प्रल्हाद. अडाणी, पण निर्दोष.

तीन पावसाळे नीट गेले. चौथ्यात पाऊस सलग पाच दिवस लागून राहिला आणि पाचव्या दिवशी, भर दुपारी, माणसं वरच्या वावरात अडकलेली असताना पाणी खालच्या ओळीच्या घरांत शिरलं. गुडघ्याच्या जरा खाली. त्याहून वर नाही आणि त्याहून कमी नाही. माणूस गेलं नाही. पण शेळ्या चरायला सोडल्या की करडं घरी बांधून ठेवतात, आणि बांधलेल्या करडाला तेवढं पाणी पुष्कळ होतं. तुझ्या बांच्या घरात अकरा होती.

पाणी ओसरल्यावर मी तुझ्याबरोबर तांड्यावर आलो होतो. बांच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहिली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू तिच्यासमोर उकिडवा बसलास आणि म्हणालास, "पाह्य दिगू. इतकी बराबर लेव्हल मला जिंदगीत घेता आली न्हाई." तांडा तुला काही बोलला नाही. तुझे बासुद्धा नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तुला सोपं गेलं असतं.

मग चौकशी झाली. टेबलावरच झाली. धरणाच्या खुणेवरून पाहिलं तर जागा दोन पायऱ्या खाली, तुझ्या कागदावर वर. त्यांनी शेरा मारला, 'वाचनात चूक'. तुझ्या हातातून यंत्र काढून घेतलं आणि तुला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं.

त्यानंतरच्या एका दुपारी तू दुकानात आलास, माझ्या ट्रेसिंगच्या तुकड्यावर पेन्सिलनं काहीतरी काढत बसलास आणि म्हणालास, "मी तिथूनच मोजून राहिलो, हजारदा. पायरीपासून तांड्यापर्यंत आकडा तोच येतो. मंग चुकलं कुठं?" मी वाकून पाहिलं. तू बाण काढला होतास, त्याच्या टोकावर आडवी रेघ.

मी विचारलं, "हे काय?"

"हीच खूण. देवळाच्या पायरीवरची. यावरूनच तं समदं मोजलं."

तोच बाण मी देवळाच्या नकाशात शाईनं काढला होता. तोंड उघडलं असतं तर त्याच क्षणी सगळं मिटलं असतं. तुझं यंत्र तुला परत मिळालं असतं. मी म्हणालो, "चहा घेतो का?"

का नाही बोललो? हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती, कचेऱ्या येत होत्या, घरं उठत होती, माझ्या दुकानात बसायला जागा नसायची. देवळाची पायरी हलवून तांडा बुडवणारा म्हणून नाव झालं असतं तर... असं मी स्वतःला सांगायचो. पण ते खरं नाही. मला भीती वाटली ती तुझ्या तोंडाची. अकरा करडं तुझ्या बांनी एकेक करून बाहेर काढली होती, ती तू माझ्या अंगावर कशी टाकशील, याची. पुढच्याच आठवड्यात मी देवळात गेलो, पुजाऱ्याला म्हणालो, काच तडकलीय, नवी बसवून आणतो, आणि तो नकाशा काढून घरी नेला. तो कपाटामागं उभा केला. काच शाबूत होती. मूग गिळून बसणं एक झालं, प्रल्हाद, पण हे त्याच्या पुढचं होतं. हे मी पायांनी चालत जाऊन केलं.

आणि तू माझ्याकडं येत राहिलास. माझ्या घराचं जोतं तूच काढून दिलं होतंस, सुट्टीच्या दिवशी, उन्हात उभं राहून. आमच्या गल्लीत पाणी साचतं, शेजारच्यांच्या घरात शिरतं, माझ्या घरात आजवर थेंब आलेला नाही. दर पावसाळ्यात बायको तुझं नाव काढते. मोडक्या लेव्हल-यंत्राची काचेची नळी होती ना, बुडबुड्याची, ती तू मला टेबलावर ठेवायला दिलीस. म्हणालास, तुझं टेबल तिरपं झालं तर हा सांगेल. तो अजून तिथंच आहे. मी त्याच्यावर रुमाल टाकला आहे.

दर उन्हाळ्यात, तलाव आटला की तू कुणाचं तरी यंत्र मागून आणायचास आणि पुन्हा पायरीपासून तांड्यापर्यंत मोजायचास. लोक म्हणायचे, राठोड सर्व्हेअरला वेड लागलं. मी त्यांच्याशी भांडायचो. तुझ्या बाजूनं भांडताना मला फार बरं वाटायचं, हेही सांगून टाकतो.

एकदा, पाच-सहा वर्षांपूर्वी, तू दुकानात येऊन बसलास. मग विचारलंस, "दिगू, गावात काचेचं काम चांगलं कोन करतं?" मी एका दुकानाचं नाव सांगितलं. तू पुढं विचारलंस, "वेळ लई लावतो का रे तो?" मी म्हणालो, "न्हाई, दोन दिवसांत देतो." तू बरं म्हणालास आणि उठलास. मला वाटलं, तुमच्या घराची खिडकी फुटली असेल.

आता त्या दिवशीच्या जीपबद्दल. तुझं डोकं वहिनींच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. नर्सनं सांगितलं होतं, पायाखाली काही देऊ नका, डोकं उंच ठेवा. कळमनुरीच्या अलीकडं मोठं वळण आहे, तिथं रस्ता बाहेरच्या बाजूनं उचललेला आहे. एरवी तिथं तू ड्रायव्हरला धडा द्यायचास, सुपरएलेव्हेशन नसतं तर गाडी नाल्यात गेली असती म्हणून. त्या दिवशी गाडी कलली आणि तू डोळे उघडलेस. पुढं कळमनुरीत आठवडी बाजार. जीप माणसांत, मिरच्यांच्या ढिगांत आणि बकऱ्यांत अडकून उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बकऱ्या ओरडत होत्या. तू माझ्याकडं बघितलंस.

"दिगू, ते..."

"बोलू नको," मी म्हणालो. "डॉक्टरांनी बोलायचं न्हाई सांगितलं."

डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं. तुला माहीत होतं, कारण तू तिथंच होतास. तू तरी ऐकलंस. पुन्हा डोळे मिटलेस. बाजारातून जीप सुटली आणि पुढं दोन-तीन मैलांवर वहिनींनी एकदम तुझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि मला समजलं.

बाराव्या दिवशी वहिनींनी मला आत बोलावलं. ट्रंकेतून तुझी मोजणीची वही काढली, लाल पुठ्ठ्याची. "हे तुमच्यासाठी ठेवलं व्हतं, भाऊजी. हे गेल्यावर द्या म्हनले व्हते." मी म्हणालो, काय आहे त्यात? तर म्हणाल्या, "एका उन्हाळ्यात मी गेली व्हती त्यायच्या संगं. पट्टी धरायला दुसरं कोनी नव्हतं. पायरीवर पट्टी उभी केली आन् मी नुसतं इचारलं, ही पायरी पयल्यापासून इथंच हाय का? तं हे माझ्याकडं पाह्यतच राह्यले."

इतक्या शिकलेल्या माणसांनी चौकशी केली, आणि हे कुणी विचारलं नव्हतं.

घरी येऊन वही उघडली. त्या उन्हाळ्याचं पान. तू रेल्वेच्या पुलावरच्या खुणेवरून निघालास आणि देवळापर्यंत मोजत आलास, वहिनी पट्टी घेऊन पुढं, तू मागं. पानंच्या पानं आकडे, तुझ्या त्या गोल अक्षरात. शेवटच्या ओळीत पायरी. फरक दोन पायऱ्यांचा. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथं तू एरवी 'नाल्याचा काठ', 'बाभळीचं झाड' एवढंच लिहायचास, तिथं लिहिलं होतं:

'दगड खाली घेतला आहे. भिंतीवर फ्रेमची जागा रिकामी, चौकोन पांढरा. पुजारी म्हणतो, दिगूनं काच बसवायला नेली.'

त्याच्याखाली तारीख. काचवाल्याबद्दल तू मला विचारलंस त्याच्या आदल्या आठवड्यातली.

पाच-सहा वर्षं, प्रल्हाद. वही घेऊन साहेबाकडं गेला असतास तर एका दिवसात तुझं नाव धुऊन निघालं असतं. तू आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारत बसलास आणि रविवारी माझ्या दुकानात येऊन चहा प्यायलास. मला कधी वाटतं, तू मला वाचवत होतास. कधी वाटतं, तू मला शिक्षा देत होतास, रोज थोडी. यावर आपलं भांडण व्हायला हवं होतं. तू मोठ्यानं बोलायला हवं होतंस. माझ्यावर रागावलास का, एवढं तरी कळायला हवं होतं.

काल मी कपाटामागून तो नकाशा काढला, धूळ पुसली, वही पिशवीत घातली आणि गोरेगावच्या जीपनं तांड्यावर गेलो. खात्याला द्यायचा अर्जही लिहून नेला होता, सगळं कबूल करून, सहीनिशी. शेरा बदलेल का माहीत नाही. पण आधी तुझ्या बांना सांगायचं होतं.

बा दारासमोर बाजेवर बसले होते. पुष्कळ वाळलेत. मागं भिंतीवर ती रेघ अजून आहे. इतक्या दिवाळ्या झाल्या, घर सारवलं, रंगवलं, पण तेवढी रेघ त्यांनी राखून ठेवली आहे. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पायरी, बाण, फरशीची हौस, काच, कपाट. शेजारपाजारची माणसं जमली. मी नकाशा त्यांच्या पुढं धरला. बांनी तो हातात घेतला, दूर धरून पाहिला आणि विचारलं, "यात आमचं घर कुठं हाय?"

"न्हाई बा. यात फक्त देवळाचं तोंड हाय."

त्यांनी नकाशा गुडघ्यावर ठेवला.

"त्यानं सांगितलं व्हतं," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण मागं उभी असलेली बायामाणसंही मान हलवत होती. कुणालाच काही नवल वाटलेलं नव्हतं.

"समद्यायला माहीत हाय. वही घेऊन आला व्हता. पोरं चिडली, म्हने चला हिंगोलीला, त्याचं दुकान पाहू. तं यानं हात जोडले. म्हनला, कोनी जायचं न्हाई. दिगू सोता येईन सांगायला. मी इचारलं, न्हाई आला तं? तं म्हनला, बा, येईन तो. मी त्याला वळखतो."

मी म्हणालो, "लई उशीर झाला, बा."

"व्हय," ते म्हणाले. "झाला."

मग ते बाजेवर एका अंगाला सरकले आणि रिकाम्या झालेल्या जागेवर हात ठेवला. तू तांड्यावर आलास की तिथं बसायचास, भिंतीकडं पाठ करून, म्हणजे ती रेघ दिसू नये. मी तिथं बसलो, प्रल्हाद. तोंड भिंतीकडं करून.